फोंड्यात नवे घर: लादीखाली नळ्या घालून हीट पंप जोडावा का?

कुर्टीकर

सर्वांना नमस्कार. फोंडा तालुक्यात आमच्या जुन्या जागेत चिऱ्याचे दुमजली घर बांधायला घेतले आहे. जोते भरून झाले असून तळमजल्याच्या भिंती खिडकीच्या उंचीपर्यंत आल्या आहेत. कोबा आणि लादी पावसाळ्यानंतर घालायची आहे, म्हणजे जमिनीत जे काही पुरायचे असेल त्याचा निर्णय आत्ताच घ्यावा लागणार.

माझी बहीण जर्मनीत स्टुटगार्टजवळ राहते. तिच्या नव्या घरात एकही रेडिएटर नाही. लादीखाली प्लास्टिकच्या नळ्यांची वेटोळी आहेत, त्यांतून कोमट पाणी फिरते आणि ते पाणी बाहेर ठेवलेला हीट पंप तापवतो. उन्हाळ्यात तोच पंप उलटा चालवून थोडेसे गार पाणी फिरवता येते, असे मेहुण्यांनी सांगितले. गोव्यात घर तापवण्याचा प्रश्नच नाही, हे मला समजते. परंतु एप्रिल-मे महिन्यांत जमीन गार ठेवता आली आणि त्याच यंत्रावर न्हाणीघरांचे गरम पाणीही मिळाले, तर प्रत्येक खोलीत एसी आणि प्रत्येक न्हाणीघरात गिझर लावण्यापेक्षा ते बरे नाही का, असा विचार मनात आला आहे. शिवाय आमच्या आईची तक्रार निराळीच आहे. जून-जुलैमध्ये जुन्या घरातील लादी ओली होते, पाय घसरतो आणि गुडघे धरतात. तेव्हा लादी थोडी उबदार ठेवता आली तर तिला हवी आहे.

आमच्या आर्किटेक्टनी असे काम केलेले नाही. एका विक्रेत्याने मात्र सगळे काही होईल असे सांगून अंदाजपत्रकही दिले. घरात सहा माणसे आहेत, झोपण्याच्या खोल्या साधारण १२ बाय १४ फुटांच्या आहेत आणि आवारात बारमाही विहीर आहे. विहिरीचे पाणी नळ्यांतून फिरवले तर पंपाचीही गरज उरणार नाही, असे एका नातेवाइकांचे मत आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

म्हार्दोळचा_परदेशस्थ

मी मूळचा म्हार्दोळचा असून बरीच वर्षे म्युनिकजवळ राहतो आणि आमच्या घरात हीच व्यवस्था आहे. ती इकडे का चालते, ते आधी सांगतो; त्यावरून फोंड्यात काय होईल याचा अंदाज आपल्याला बांधता येईल.

हीट पंप उष्णता निर्माण करत नाही, ती एका जागेवरून उचलून दुसरीकडे नेतो. ती किती अंश वर चढवायची यावर त्याचा वीजखर्च अवलंबून असतो. जुन्या रेडिएटरना ५५ अंशांचे किंवा त्याहून गरम पाणी लागते, तर संपूर्ण खोलीची जमीनच तापणारा पृष्ठभाग असल्यामुळे इथे ३५ अंशांच्या आसपासचे पाणी पुरते, आणि पाण्याचे तापमान एका अंशाने उतरवले की ढोबळमानाने दोन-अडीच टक्के वीज वाचते. जमिनीखालच्या नळ्या आणि हीट पंप यांची जोडी युरोपात जमली ती एवढ्याच कारणाने. माणसे जिथे वावरतात तिथे लादीचा पृष्ठभाग २९ अंशांच्या वर नेत नाहीत. खोली २० अंशांवर असताना २९ अंशांची जमीन दर चौरस मीटरला १०० वॅटच्या आसपास उष्णता देते आणि चांगल्या उष्णतारोधक भिंती असलेल्या नव्या घराला एवढीही लागत नाही.

काम मात्र बारकाईचे असते. नळ्यांखाली उष्णतारोधक थर, भिंतीच्या कडेने फोमची पट्टी, १० ते २० सेंटीमीटर अंतरावर १६ किंवा १७ मिलिमीटरच्या नळ्या, शक्यतो १०० मीटरपेक्षा लांब नसलेली प्रत्येक वेटोळी, आणि कोबा घालण्यापूर्वी नळ्यांत दाब भरून घेतलेली चाचणी. सिमेंटचा कोबा असेल तर २१ दिवस होईपर्यंत त्यात गरम पाणी सोडत नाहीत, आणि नंतर तो हळूहळू तापवून वाळवल्याशिवाय वर लादी किंवा लाकूड बसवत नाहीत. हे सारे येणारा कारागीर तिकडे सहज मिळेल, असे मी गृहीत धरणार नाही.

आता थंडाव्याविषयी. उन्हाळ्यात आम्ही १८ ते २० अंशांचे पाणी फिरवतो आणि खोली दोन-तीन अंशांनी उतरते. तेवढाच परिणाम अपेक्षित असतो, कोणी त्याला एसी म्हणत नाही. न्हाणीघराची वेटोळी त्या काळात बंद ठेवतो, कारण तिथे दव धरते. आमच्याकडील उन्हाळी हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतील बाष्पाचे पाणी होऊ लागते ते तापमान, बहुतेक दिवस १२ ते १६ अंशांच्या दरम्यान असतो, म्हणून १८ अंशांचे पाणी कोरडेपणाने खपून जाते. गोव्याचा दवबिंदू तपासून पाहा, मग पुढचे बोलू.

वेर्ण्याचा_यंत्रज्ञ

वातानुकूलनाच्या यंत्रणा आखणे हाच माझा व्यवसाय आहे आणि परदेशस्थांनी बोट बरोबर जागी ठेवले आहे. गोव्यात उन्हाळ्याच्या अखेरीस आणि पावसाळ्यात हवा ३० अंशांवर व सापेक्ष आर्द्रता ८० टक्के असणे हे नेहमीचेच. त्या हवेचा दवबिंदू २६ अंशांच्या किंचित वर येतो. याचा अर्थ २६ अंशांहून गार असलेल्या कोणत्याही वस्तूवर पाणी जमणार. माठातल्या पाण्याने भरलेल्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो तोच प्रकार. विक्रेत्याने जर १८ अंशांचे पाणी नळ्यांत सोडले, तर आपली संपूर्ण लादी तो तांब्या होईल, आणि गुडघे दुखणाऱ्या आईसाठी हे घर करायचे आहे हे विसरता येणार नाही.

समजा, दव टाळण्यासाठी लादी २७ अंशांवर ठेवली. खोलीची हवा ३० असेल तर फरक तीन अंशांचा राहिला. गार जमीन दर अंशाला प्रत्येक चौरस मीटरमागे सुमारे ७ वॅट उष्णता शोषते. हाच आकडा तापवताना ११ च्या जवळ असतो, कारण गरम हवा वर उठते आणि गार हवा जमिनीलाच चिकटून राहते. आपली १२ बाय १४ फुटांची खोली साडेपंधरा चौरस मीटरची धरली, तर हिशेब साडेतीनशे वॅटच्याही आत संपतो, आणि त्यात पलंग व कपाटाखाली झाकलेली जमीन वजा केलेली नाही. स्वस्थ बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता सोडतो. तेव्हा खोलीत तीन माणसे गप्पा मारत बसली की या यंत्रणेचे काम संपले. छपरातून आणि खिडकीतून येणारी उष्णता तिने कधी काढायची? तुलनेसाठी सांगतो, एक टनाचा साधा एसी ३,५०० वॅट काढतो.

यावर कोणी म्हणेल की दमट देशांतही थंड जमिनीच्या इमारती आहेत. आहेत, आणि त्या उत्तम चालतात. बँकॉकचा सुवर्णभूमी विमानतळ २००६ साली सुरू झाला, त्याच्या प्रवासी दालनांत जमिनीतून गार पाणी फिरवले जाते. काचेतून ऊन थेट जमिनीवर पडते तिथे तर अशी जमीन फारच उपयुक्त ठरते. आपल्याकडे इन्फोसिसच्या हैदराबादजवळील पोचारम आवारात एका इमारतीच्या अर्ध्या भागात नेहमीचे वातानुकूलन आणि अर्ध्या भागात गार पाण्याच्या नळ्या असलेला स्लॅब ठेवून दोहोंची तुलना झाली, त्यात नळ्यांच्या बाजूचा वीजवापर सुमारे एक तृतीयांश कमी भरला. मात्र दोन्ही ठिकाणी आत येणारी हवा वेगळ्या यंत्राने कोरडी केलेली असते आणि इमारती बंदिस्त असतात. आपल्या घरांत सकाळी दारे उघडली की रात्रीपर्यंत उघडीच, बल्कांवावर (दारापुढच्या बैठकीच्या ओट्यावर) कोणीतरी बसलेले, चतुर्थीला तर घरात पाय ठेवायला जागा नाही. अशा घराची हवा कोरडी ठेवणे म्हणजे शेजाऱ्यांची हवाही आपल्या खर्चाने कोरडी करणे होय.

विहिरीची कल्पना मनोहर आहे, पण तीही इथे लागू पडत नाही. जमिनीच्या पोटातील पाणी त्या प्रदेशाच्या वार्षिक सरासरी तापमानाच्या जवळपास असते. जर्मनीत ते १० ते १२ अंशांचे असते, म्हणून काही ठिकाणी ते नुसते फिरवूनही घर गार होते. आपल्या किनारपट्टीची वार्षिक सरासरीच २७ अंशांच्या आसपास आहे. हंड्यातून अंगावर घेताना विहिरीचे पाणी गार वाटते खरे, परंतु खोली गार करायला ते अपुरे आहे.

सांगेकर

मला वेर्ण्याच्या यंत्रज्ञांचे म्हणणे थोडे टोकाचे वाटते. संपूर्ण घराचा हट्ट सोडून एकच झोपण्याची खोली घेतली, तिच्या खिडक्या नीट बंद होणाऱ्या केल्या आणि एक छोटा आर्द्रताशोषक चालू ठेवला, तर २६ अंश व ५५ टक्के आर्द्रता राखणे अशक्य नाही. तेव्हा दवबिंदू १६ अंशांपर्यंत उतरेल आणि जमीन २० अंशांवर ठेवता येईल. आवाज नाही, अंगावर थंड झोत नाही. ज्यांना एसीच्या वाऱ्याचा त्रास होतो त्यांच्यासाठी तरी हा पर्याय निकालात काढू नये.

वेर्ण्याचा_यंत्रज्ञ

आकडे आपले बरोबर आहेत. त्या खोलीत जमीन चौरस मीटरमागे ४२ वॅट, म्हणजे सगळी मिळून साडेसहाशे वॅट काढील, आणि वरचा स्लॅब नीट झाकलेला असेल तर रात्रीपुरते ते पुरेल. अडचण दोन गोष्टींची आहे. आर्द्रताशोषक हे स्वतःच कॉम्प्रेसरचे यंत्र असून तो काढलेली उष्णता त्याच खोलीत सोडतो, आणि ती उष्णता पुन्हा जमिनीला काढावी लागते. दुसरे असे की साडेसहा सेंटीमीटरचा कोबा जड असतो. एवढ्या शक्तीने तो एक अंश उतरवायला पाऊण तासाहून अधिक वेळ घेतो. रात्री दहाला खोलीत शिरून सव्वादहाला गारवा हवा असणाऱ्यांना हे जमणार नाही, यंत्रणा दुपारपासूनच चालवावी लागेल. झोत नको असेल तर भिंतीवरच्या इन्व्हर्टर एसीची जागा नीट निवडणे आणि सोबत पंखा मंद ठेवणे यातच शहाणपण आहे. तसे पाहिले तर एसी हासुद्धा हीट पंपच आहे, आणि त्याची दहा-बारा अंशांची जाळी हवा गार करता करता तिच्यातील पाणीही नळीवाटे बाहेर टाकते. गार जमिनीला नेमके हेच करता येत नाही.

कुर्टीकर

सर्वांचे आभार. गार जमिनीचा विचार सोडला. आता दोन गोष्टी राहतात: आईच्या ओल्या लादीचे काय करावे, आणि हीट पंप फक्त गरम पाण्यासाठी घेणे परवडते का?

चिरेबंदी

लादीविषयी मी लिहितो, कारण चिऱ्याची घरे बांधण्यात माझा जन्म गेला आहे. ओली लादी दोन कारणांनी दिसते आणि उपाय वेगवेगळे असल्यामुळे आधी कारण ओळखावे लागते. जुन्या घरात पुढच्या जूनमध्ये हे करून पाहा: हातभर प्लास्टिकचा कागद लादीवर पसरून चारही कडा चिकटपट्टीने बंद करा आणि एक दिवस तसाच ठेवा. कागदाच्या खालच्या अंगाला पाणी आले तर ओल जमिनीतून चढते आहे. वरच्या अंगाला आले तर हवेतील बाष्प लादीवर बसते आहे. बऱ्याच घरांत दोन्ही असते.

पहिल्या पावसात हवा एकदम दमट होते, पण जमिनीला टेकलेली लादी तिच्या खालच्या मातीच्याच तापमानावर राहते, आणि एखादा अंश इकडे-तिकडे झाला की पाणी धरते. शेणाने सारवलेल्या जमिनीतही हे होत असे, फक्त ती ओल पिऊन टाकत असे म्हणून डोळ्यांना दिसत नसे. आजची गुळगुळीत व्हिट्रिफाइड लादी थेंबभर पाणीही पीत नाही, त्यामुळे सगळे वर तरंगते आणि पाय घसरतो.

आपला कोबा अजून घातलेला नाही, ही फार चांगली गोष्ट आहे. जोत्याच्या माथ्यावर सर्व भिंतींखाली ओलरोधक थर आहे ना, याची खात्री करून घ्या. चिरा सच्छिद्र असतो आणि तो थर नसेल तर पाणी भिंतीतून गुडघाभर चढते. मग पीसीसीवर (जमिनीवरच्या साध्या काँक्रीटच्या थरावर) जाड पॉलिथिन, त्याचे जोड चांगले वीतभर एकावर एक घेऊन, त्यावर ५० मिलिमीटरचे एक्सपीएस (कडक उष्णतारोधक फोमचे) बोर्ड आणि वर कोबा. या बोर्डामुळे लादी मातीपासून तुटते आणि खोलीच्या हवेबरोबर तापते-निवते, त्यामुळे दव धरण्याचे प्रमाण पुष्कळ कमी होते. म्हणजे जर्मन घरातील नळ्या सोडून द्यायच्या आणि नळ्यांखालचा थर तेवढा घ्यायचा. वाळवी या बोर्डांत बिळे करते, म्हणून जोत्यातील वाळवीरोधक फवारणी राहिली असेल तर ती आधी उरकून घ्या. लादी निवडताना दुकानातील दिव्याखाली चकाकणारी घेऊ नका, खरखरीत घ्या.

नळ्यांवर जाणारा पैसा छपरावर घाला, हेही जाता जाता सांगतो. उघड्या सहा इंची स्लॅबवर ५० मिलिमीटर एक्सपीएस घातले की त्यातून खाली येणारी उष्णता जवळजवळ सहाव्या हिश्शावर येते. वरच्या मजल्यावर एसी किती टनाचा लागेल, हे त्यावरच ठरते.

वेर्ण्याचा_यंत्रज्ञ

चिरेबंदींच्या म्हणण्याला पूर्ण दुजोरा देऊन गरम पाण्याकडे वळतो, कारण हीट पंपासाठी गोव्यासारखी हवा शोधून सापडणार नाही. ज्या दमट, उष्ण हवेने गार जमिनीचा बेत बुडवला, तीच हवा पाणी तापवताना यंत्राला भरपूर उष्णता पुरवते.

सहा माणसे, प्रत्येकी ५० लिटर पाणी आणि अंघोळीचे तापमान ४० अंश धरू. टाकीतून येणारे पाणी २७ अंशांचे असते, त्यामुळे ३०० लिटर पाणी फक्त १३ अंशांनी वाढवायचे आहे. जर्मनीत हीच वाढ ३० अंशांची असते. याला रोज साडेचार युनिट उष्णता लागते. गिझर ती सगळी विजेतून घेईल, आणि शिवाय दिवसभर चालू राहिल्याने टाकीतून निसटणारी उष्णता वेगळी. हीट पंपाला, त्याची स्वतःची गळती धरूनही, तेवढ्याच कामाला दीड युनिटच्या आसपास वीज पुरावी. दिवसाला तीन युनिट म्हणजे वर्षाला हजारांहून थोडी अधिक युनिट वाचतात. आपला वीजदर त्याला गुणून यंत्राच्या किमतीशी ताडून पाहा. सहा माणसांच्या घरात, चतुर्थी व मे महिन्याची पाहुणेमंडळी धरून, हा हिशेब सहसा जमतो. दोघांच्या घरात मी छोटा गिझरच सुचवीन. सौरबंब उन्हाळ्यात फुकट पाणी देतो हे खरे, पण जून ते सप्टेंबर त्यातील विजेची कांडीच चालते, आणि गरम पाण्याची ओढ आपल्याला नेमकी तेव्हाच असते. छपरावर सौर वीजपट्ट्या बसवण्याचा विचार असेल तर २०२४ च्या केंद्रीय योजनेत ३ किलोवॅटच्या यंत्रणेला ७८,००० रुपयांचे अनुदान आहे, आणि मग हीट पंपाला दुपारी चालण्याची वेळ लावून देता येते.

टाकी २०० लिटरची पुरेल. ती ५२ अंशांवर ठेवली तर ४० अंशांच्या ३०० लिटर पाण्यासाठी तिच्यातील १५६ लिटरच खर्च होतात. आठवड्यातून एकदा ती ६० अंशांवर नेण्याची सोय यंत्रात असावी, म्हणजे साठलेल्या पाण्यात जंतू वाढत नाहीत. टाकी गंजू नये म्हणून आत असलेली, स्वतः झिजणारी मॅग्नेशियमची कांडी वर्षा-दोन वर्षांनी तपासावी लागते, आणि विक्रेते तिच्याविषयी विचारल्याखेरीज बोलत नाहीत. फोंडा समुद्रापासून आत असल्याने खाऱ्या वाऱ्याचा त्रास आपल्याला कमी होईल. मिरामार किंवा कोलव्याच्या वाचकांनी मात्र बाहेरील जाळीवर गंजरोधक लेप आहे की नाही हे पाहूनच घ्यावे.

कुर्टीकर

टाकी कोणत्या जागी ठेवावी? स्वयंपाकघरामागे कपडे वाळत घालण्याची पडवी आहे, तिला लागूनच तळमजल्याचे न्हाणीघर आहे.

वेर्ण्याचा_यंत्रज्ञ

पडवीच योग्य आहे. यंत्र हवेतील उष्णता ओढताना तिच्यातील पाणीही काढते. पावसाळ्यात दिवसाला एक-दोन लिटर पाणी त्यातून ठिबकेल, आणि कपड्यांना त्याचा थोडा फायदाच होईल. फक्त पडवी काचेने पूर्ण बंद करू नका, नाहीतर यंत्र स्वतःच गार केलेली हवा पुन्हा ओढत बसेल. भरलेली टाकी अडीचशे किलोच्या घरात जाते, तेव्हा तिच्याखाली पक्का ओटा बांधा. ठिबकणाऱ्या पाण्यासाठी आणि टाकीच्या सुरक्षा-झडपेसाठी वेगवेगळे निचरा-नळ कोब्यातच उतार देऊन काढून ठेवा. वरच्या मजल्याच्या न्हाणीघरापर्यंतचा गरम पाण्याचा नळ गिलाव्यात जाण्यापूर्वी उष्णतारोधक नळीने झाकून घ्या. तो जितका आखूड ठेवता येईल तितके बरे.